हिवाळ्यात शिखरावर कुत्र्यांना न्यावं का? (आम्ही दोघं, वाघ्या आणि सुई)

पायवाट:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढतेय कारण घरात एकमत होत नाहीये.

मी आणि नवरा, दोघंही डोंगरवेडे. बर्फात चालायची सवय आहे, साधनं आहेत, दोघांनी बर्फातल्या चढाईचं रीतसर शिक्षण घेतलंय. आता मनात एक शिखर आहे. दोर लागत नाही, हिमनदी नाही, पण झाडी संपल्यावर माथ्यापर्यंतची दीडेक तासाची धार पूर्ण उघडी आहे. वर उणे दहाच्या आसपास तापमान आणि त्यात वारा, असं धरून चाललोय. पहाटे अंधारात निघायचं आणि दुपारी उजेड असतानाच झाडीत परत यायचं, असा बेत.

प्रश्न कुत्र्यांचा. वाघ्या थोराड, दाट दुहेरी केसांचा, पायांना लांब झालरी. बर्फ दिसला की आधी लोळतो, मग चालतो. सुई सडपातळ, आखूड केसांची, पोटाला तर केस नावालाच. दोघंही ऐन उमेदीत, ठणठणीत, एरवी आमच्याबरोबर दिवसभर डोंगर चढतात. नवरा म्हणतो वाघ्याला नेऊ, सुईला घरी ठेवू. मी म्हणते न्यायचं तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. वाघ्या तिच्याशिवाय चालत नाही, सारखा वळून मागे बघतो. आणि ती एकटी राहिली की दाराशी बसून असते, अन्नाला तोंड लावत नाही.

कुणी असं केलंय का? काय बघावं, काय टाळावं? "नेऊच नका" असं म्हणणाऱ्यांचंही ऐकायचंय.

टिवल्याबावल्या:
वाचतोय. दोघांचे फोटो टाकल्याशिवाय सल्ला मिळत नाही, असा इथला जुना नियम आहे.

खारूताई:
फोटो हवेतच! आणि सुई हे नाव कुणाला सुचलं? किती गोड.

पायवाट:
नवऱ्याला. तिचं नाक बघून. फोटो चढवलेत, वाघ्या अर्धाच मावलाय.

विचारी_भोपळा:
नेऊच नका म्हणणारा मी. कटू वाटेल, पण मनापासून लिहितोय.

कुत्र्याला शिखर कळत नाही. त्याला तुम्ही कळता. तुम्ही जिथं जाल तिथं तो येणार, पाय सोलवटले तरी येणार, आणि शेपूटही हलवणार. त्यामुळे "त्याला आवडतं" हे कारण मी धरतच नाही. त्याला तुमच्याबरोबर असणं आवडतं, आणि ते खालच्या झाडीतही तितकंच आवडेल. दोन माणसं मनानं ठरवून जोखीम घेतात तेव्हा तो त्यांचा हक्क. ज्याला विचारलंच नाही त्याला त्या जोखमीत ओढणं मला पटत नाही.

उभाकडा:
भोपळेसाहेबांचं अर्धं पटलं. विचारता येत नाही हे खरं. पण म्हणून न्यायचंच नाही असं होत नाही. त्याच्या वतीनं विचार करायची सगळी जबाबदारी आपल्यावर येते, एवढंच.

पायवाट, तुमच्या बेतातला कच्चा दुवा थंडी नाही, वारा आहे. दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, ते गणित तुम्ही केलंच असेल. पण उणे दहा अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला तो गारठा उणे वीसचा लागतो. हे कोष्टक माणसाच्या चेहऱ्यावरून बेतलेलं आहे, वाघ्याला ते जसंच्या तसं लागू नाही. सुईच्या कानांना आणि पोटाला मात्र लागू आहे असंच धरा. हवामानाचा अंदाज बघताना तापमानाच्या आधी धारेवरचा वारा बघा, आणि तो पायथ्याचा नको, शिखराच्या उंचीवरचा.

आणखी एक. तुमच्या बुटांखाली क्रँपॉन, म्हणजे बर्फात पकड घेणारे धातूचे काटे, असणार. कुत्रा पायात पायात करत असेल तर क्रँपॉनचा एक काटा पंजाच्या आरपार जाऊ शकतो. "मागे" म्हटल्यावर तो मागेच राहतो का, हे घरी पक्कं करून घ्या. चढताना कंबरेला बांधलेल्या पट्ट्याची मदत होते, पण कडक बर्फाच्या उतारावर तो सोडा. खारीच्या मागे वाघ्या सुटला तर तुम्ही त्याच्या मागे घरंगळत जाल.

मूकबोली:
मी पशुवैद्य आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षा जरा जास्तच. ३७ च्या खाली उतरलं की काळजीचं. सुरुवातीला थरथर, पाठीची कमान, शेपूट पोटाखाली, एकेक पंजा उचलून धरणं. पुढची पायरी जास्त वाईट आणि लोक तिथेच फसतात. थरथर थांबते, कुत्रा शांत होतो, पाय ओढत चालतो, जागीच बसू बघतो. "बरं वाटतंय त्याला आता" असं वाटतं आणि तो प्रत्यक्षात आणखी गार होत असतो. थांबलेली थरथर ही बातमी चांगली की वाईट, हे बाकी वागण्यावरून ठरवायचं. चालणं, नजर, हाकेला ओ देणं, खाऊ घेणं. आवडता खाऊ नाकारला की परत फिरायचं, त्यावर चर्चा नको.

पंजांबद्दल सगळे विचारतात, की बर्फावर अनवाणी कसे टिकतात? तिथं धमन्या आणि शिरा इतक्या खेटून असतात की खाली येणारं गरम रक्त वर परतणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. २०११ साली जपानी संशोधकांनी पंजातली ही रचना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. म्हणजे उष्णता पंजातून वाया जात नाही, आणि पंजाही गोठत नाही. पण ही व्यवस्था गारठ्यापुरती आहे. धारदार कवच धरलेला बर्फ कापतो तो कापतोच.

हिमदंश आधी होतो कानांच्या टोकांना, शेपटीच्या टोकाला, नराच्या वृषणांना आणि पंजांना. कातडी फिकट किंवा निळसर, गार, कडक लागते. चोळायचं नाही, कधीच नाही. आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर डोंगरातच गरम करत बसायचं नाही. कोरडं झाकून खाली आणायचं.

पोतडीत काय नको तेही लिहिते. माणसांची वेदनाशामक औषधं कुत्र्याला अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेननं पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात. तुमच्या खाऊत मनुका, चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर तो वरच्या कप्प्यात, चेन लावून. हात गरम ठेवायच्या पुड्यांत लोखंडाची पूड असते, ती पुडी कुत्र्यानं फाडून गिळली तर लोहाची विषबाधा होऊ शकते.

चकवा:
मूकबोली ताई, प्रतिसाद जपून ठेवलाय. एक शंका. वाघ्यासारख्या दाट केसांच्या कुत्र्यालाही जाकीट घालायचं का?

मूकबोली:
चालताना नको. आतला मऊ थर हवा धरून ठेवतो, ती हवा हीच त्याची ऊब. वरून जाकीट चढवलं की तो थर दबतो आणि चढावर कुत्रा तापतो. बर्फात तापलेला कुत्रा ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पाठीवर पडलेला बर्फ वितळत नसेल तर समजा थर उत्तम काम करतोय. थांबल्यावर मात्र त्याच्या खाली चटईचा तुकडा हवाच, बर्फ खालून ऊब ओढतो. सुईचं उलट. तिला छाती आणि पोट झाकणारं, वारा अडवणारं जाकीट, मानेला कान झाकता येतील अशी पट्टी, आणि थांबल्यावर वरून आणखी एक थर.

शांतरस:
अवांतर आहे, पण राहवत नाही. कुत्र्यांच्या गिर्यारोहणाचा इतिहास चांगला दीडशे वर्षांचा आहे. आल्प्समधला वाटाड्या ख्रिस्तियान आल्मर याच्याकडे चिंगेल नावाची एक कुत्री होती. १८६८ मध्ये त्यानं ती कूलिज नावाच्या तरुण गिर्यारोहकाला दिली. कूलिज आणि त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट यांच्याबरोबर ती शिखरामागून शिखरं चढली. १८७५ मध्ये तर माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचली! आणि त्या काळी बायकांनीही डोंगर चढणं लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं, हे लक्षात घ्या.

अलीकडचं उदाहरण मेराचं. २०१८ मध्ये नेपाळात एका मोहिमेच्या मागे ही भटकी कुत्री लागली, मोहिमेच्या प्रमुखानं तिला आपल्या तंबूत झोपू दिलं, आणि ती ७,१२९ मीटरच्या बारुन्त्सेच्या माथ्यावर गेली. कुणी नेली नाही, स्वतः गेली. भोपळेसाहेब, तिला कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी ओढलंही नव्हतं.

विचारी_भोपळा:
शांतरस, मेरा मोकळी होती, हवं तेव्हा परत फिरू शकत होती. तरी तिचे पंजे रक्ताळले होतेच. पट्ट्यातल्या कुत्र्याला तेवढीही मोकळीक नसते.

आणि इतिहासच काढायचा तर तोही पूर्ण काढा. १९११ मध्ये अमुंडसेन ५२ कुत्री घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, परत आली ११. बाकीची बहुतेक ठरवून मारली आणि उरलेल्यांना व माणसांना खाऊ घातली. जगानं माणसांची नावं लक्षात ठेवली. हा धागा वाचताना मला तीच कुत्री आठवत होती, म्हणून माझा सूर तसा लागला.

खारूताई:
हे मला माहीतच नव्हतं. वाचून गलबललं.

टिवल्याबावल्या:
वातावरण जरा हलकं करतो. आमच्या बाळ्याला पहिल्यांदा बूट घातले तेव्हा तो चारही पाय एकामागून एक हवेत झटकत अख्खं घर फिरला आणि शेवटी कोचावर चढून आमच्याकडे पाठ करून बसला. संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

बर्फाळ:
:हाहा: सगळी बाळं तेच करतात. पण बुटांचा विषय आलाच आहे तर नीट लिहितो, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

बूट आदल्या दिवशी आणून डोंगरात घालायची वस्तू नाही. आधी घरात, मग अंगणात, मग लांबच्या फेरीला, असे काही आठवडे द्या. माप घेताना कुत्रा उभा असू दे, अंगाचा भार पडला की पंजा पसरतो. फार आवळले तर रक्त अडतं आणि पंजा जास्त गारठतो. सैल ठेवले तर पहिल्याच खोल बर्फात बूट गायब. एकदोन जादा बरोबर ठेवाच. चालताना दर थोड्या वेळानं चार पायांत चार आहेत ना बघायचं.

बूट नकोच असतील तर पंजाला लावायचं मेण मिळतं, तेही बरंच काम करतं. ओढगाडीच्या कुत्र्यांचे लोक वर्षानुवर्षं वापरतात. आणि बोटांच्या मधले केस तळव्याच्या पातळीला कापून घ्या. लांब केसांना बर्फ चिकटतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आणि बोटांमध्ये खडे तयार होतात. पायवाट, वाघ्याच्या पायांना झालरी आहेत असं तुम्ही लिहिलंय. सगळे सुईबद्दल बोलतायत, मला तुमच्या वाघ्याची जास्त काळजी वाटतेय.

हिमकण:
खाण्यापिण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. लांब शर्यतीत गाडी ओढणारी कुत्री दिवसाला दहा हजार किलोकॅलरीच्या घरात खर्च करतात आणि त्यातला मोठा वाटा चरबीतून येतो. तुमची काही शर्यत नाही, पण थंडीत चढायचं म्हणजे नेहमीच्या जेवणावर भागत नाही. निघताना पोट गच्च नको, विशेषतः मोठ्या छातीच्या कुत्र्याला. वाटेत थोडं थोडं द्या. पाणी थर्मासमध्ये कोमट. बर्फ खातोय म्हणजे पाणी मिळालं असं समजू नका, तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते आणि घशात पडतं ते घोटभर.

सायंतारा:
त्या धारेच्या वाटेवर हिमस्खलनाचा उतार आहे का? असेल तर माझा एक कळीचा मुद्दा आहे. बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावं म्हणून आपण अंगावर बांधतो तो शोधयंत्राचा डबा कुत्र्याच्या पट्ट्याला लावू नका. सगळ्यांची यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात. खाली माणूस आहे की कुत्रा, हे शोधणाऱ्याला कळत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांवर सगळं अवलंबून असतं, आणि त्यात कुणी कुत्र्याला आधी खणून काढलं तर शेजारी गाडलेला माणूस जातो.

चकवा:
बाप रे. म्हणजे कुत्र्याला वाऱ्यावर सोडायचं?

सायंतारा:
तशा उतारावर त्याला न्यायचंच नाही. मला दुसरं उत्तर सापडलेलं नाही. माझंही कुत्रं आहे, मी त्याला जीव लावते, आणि हे लिहिताना मला त्रास होतोय.

पायवाट:
सायंतारा, म्हणूनच हे शिखर निवडलंय. वाट झाडीतून आणि मग रुंद सोंडेवरून जाते, वर टांगलेला उतार नाही. तरी त्या आठवड्याचं हिमस्खलनाचं पत्रक बघूनच निघणार.

सगळ्यांचे खूप आभार. भोपळेसाहेब, तुमचे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र वाचले. नवऱ्यानं नवा तोडगा काढलाय: झाडी संपते तिथं मी सुईबरोबर थांबायचं, त्यानं वाघ्याला घेऊन वर जाऊन यायचं. कसं वाटतं?

उभाकडा:
नाही. स्पष्ट नाही. हिवाळ्यात सगळ्यात जास्त गारठतो तो थांबलेला माणूस, आणि त्याहून थांबलेला आखूड केसांचा कुत्रा. शिवाय वर त्यांचा पाय मुरगळला तर तुम्हाला कळणार कसं? दोघंच आहात, ती जोडी मोडू नका. चौघं वर किंवा चौघं खाली.

जुनाजाणता:
उभाकडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी आणि आमची ही अनेक वर्षं कुत्र्यांना घेऊन डोंगरात हिंडलो. आमचा एकच करार होता. दोघांपैकी कुणीही "परत फिरूया" म्हटलं की परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, आणि घरी आल्यावर उकरून काढायचं नाही. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. ते पाळलं नाही तर पुढच्या वेळी वाटेतला माणूस तो शब्द उच्चारायला कचरतो.

दुसरं, एक साधा हिशोब घरीच करून बघा. सुईला उचलून तुम्ही उताराला तासभर चालू शकाल. वाघ्याला?

पायवाट:
वाघ्या अडतीस किलो. उचलायची झोळी आणलीये, आज जिन्यावर सराव केला. दोन मजले उतरल्यावर नवरा खाली बसला आणि वाघ्या त्याचा चेहरा चाटत राहिला.

टिवल्याबावल्या:
झोळीचा फोटो?

खारूताई:
+१

(मधले "शुभेच्छा", "वाचनखूण साठवली" वगैरे प्रतिसाद मागच्या पानावर)

पायवाट:
जाऊन आलो. चौघंही घरी, चौघंही धड. आता सविस्तर.

वाऱ्याचा अंदाज मनासारखा यायला बरीच वाट बघावी लागली. शेवटी एक दिवस असा आला की धारेवर ताशी १५ किलोमीटरच्या आत वारा आणि आकाश निरभ्र. पहाटे निघालो, दोघांच्या पट्ट्यांना दिवे लावले. सुईला पोट झाकणारं जाकीट, कानांवर पट्टी, चारही बूट. तिनं बूट केव्हाच स्वीकारले होते. वाघ्यानं घरात कधीच स्वीकारले नाहीत, म्हणून त्याला मेण. ते बूट नवऱ्यानं तरीही पाठपिशवीत टाकले.

आमचं सगळं लक्ष सुईकडे. दर थांब्याला कान चाचपतोय, जाकिटाखाली हात घालून पोट बघतोय, खाऊ घेते का बघतोय. ती मजेत. आणि झाडीच्या वरच्या टोकाला वाघ्या मागे पडायला लागला. चार पावलं चालायचा, बसायचा, पाय चावायचा.

खालच्या झाडीत तापमान शून्याच्या जवळ होतं, बर्फ दमट. तो त्याच्या झालरींना चिकटत गेला आणि वर आल्यावर कडक झाला. मागच्या पायांना लिंबाएवढे गोळे, काखेत, पोटाखाली, आणि बोटांच्या मधे खडे. बोटांतले केस कापले होते, तरीही. बर्फाळ, तुम्ही लिहिलं होतंत ते तंतोतंत. ज्या केसांच्या भरवशावर आम्ही त्याला बिनधास्त धरलं, तेच आडवे आले. सुईच्या आखूड केसांना काहीच चिकटलं नव्हतं.

वारा अडवणाऱ्या खडकाआड चटई टाकली आणि दोघांनी हातमोजे काढून, हाताच्या उबेनं एकेक गोळा सोडवला. ओढलं तर केस उपटतात, तो विव्हळतो. बोटं बधिर व्हायची, मग काखेत घालायची, पुन्हा सुरू. सुई नवऱ्याच्या जाकिटात डोकं खुपसून बसली होती. मग वाघ्याला ते नकोसे बूट चढवले. त्या वेळी त्यानं पाय झटकलाही नाही. उभा राहिला, चालला, पळाला. आम्ही ठरवलं, धारेवर दहा मिनिटं जायचं. त्यात तो एकदा जरी बसला तर फिरायचं. नाही बसला. माथ्यावर पोचलो, फोटो काढले, दोघांना खाऊ दिला आणि लगेच उतरलो.

त्रास उतरताना झाला. दुपारी झाडीतला बर्फ आणखी ओला, बूट राहिले पण पायांच्या वरच्या भागाला आणि पोटाला पुन्हा गोळे. दर थोड्या वेळानं थांबून सोडवायचे. गाडीपाशी पोचलो तेव्हा पूर्ण अंधार.

आता घरात पुन्हा एकमत नाही. माझं ठाम मत आहे की खडकाआडूनच फिरायला हवं होतं, कारण खालचा बर्फ दुपारी जास्त चिकट होणार हे तिथंच दिसत होतं. नवऱ्याचं मत वेगळं. त्यानं इथं खातं उघडलंय, तोच लिहील.

सुईचा_बाबा:
नमस्कार. खातं नवीन, धागा मात्र पहिल्यापासून वाचतोय.

माझं म्हणणं एवढंच की आम्ही खूण आधी ठरवली होती आणि तिला धरून चाललो. वाघ्या बूट घातल्यावर धारेवर एकदाही बसला नाही. खाऊ घेत होता, हाकेला येत होता, थरथर नव्हती. वाराही अंदाजाएवढाच. उशीर झाला पण दिवे होते, वाट ओळखीची होती. जुनाजाणता यांच्या करारातला शब्द हिनं उच्चारला असता तर मी त्याच पावली फिरलो असतो.

पायवाट:
हे खरं आहे. मी उच्चारला नाही, कारण त्या क्षणी तो पळत होता आणि माझंही मन वर ओढलं जात होतं. म्हणूनच म्हणते, फिरायची वेळही आधी घड्याळावर ठरवून टाकावी. कुत्रा आनंदात दिसतोय यावर ती ठरवू नये. मूळ प्रश्नाला माझं आजचं उत्तर: न्यावं, पण उतरताना बर्फ कसा असेल हे चढतानाच धरून.

विचारी_भोपळा:
सगळं वाचलं. सगळे सुखरूप आहेत याचा खूप आनंद झाला. मत बदललं नाही. पण गोठलेल्या बोटांनी एकेक गोळा सोडवणाऱ्या माणसांना मी स्वार्थी म्हणणार नाही. आता वाघ्याचे पाय कसे आहेत?

पायवाट:
एका बोटात थोडं सोललंय, बाकी ठीक. दोन दिवस फक्त अंगणात.

बर्फाळ:
गोळ्यांसाठी एक युक्ती: अंडी फेटायची तारेची रवी बरोबर ठेवा. केसांतून फिरवली की तारा गोळा फोडतात आणि केस ओढले जात नाहीत. दोन्ही हात मोज्यांत राहतात. आणि पोट व चारही पाय झाकणारा पातळ, गुळगुळीत कापडाचा अंगरखा मिळतो. तो उबेसाठी नाही, बर्फ चिकटू नये म्हणून. वाघ्याला तोच हवा.

सुईचा_बाबा:
रवी! हे आधी कळतं तर माझ्या बोटांनी दुवा दिला असता. आज ती स्वयंपाकघरातून पाठपिशवीत गेली.

चकवा:
त्यापेक्षा वाघ्याचे केसच बारीक कापून टाकले तर?

मूकबोली:
नको! झालरी आणि बोटांमधले केस कापा, पोटाखालचे थोडे कमी करा. अंगावरचे मुळीच नाही. आतला थर गेला की ऊब गेली, आणि काही कुत्र्यांत तो पुन्हा पूर्वीसारखा येतही नाही. पायवाट, सोललेलं बोट रोज कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करा, चाटू देऊ नका. दोन दिवसांत लंगडणं किंवा सूज दिसली तर दाखवून घ्या.

निशिगंध_०७:
नवीन सदस्य. धागा सलग वाचून काढला. आमचं पिल्लू सात महिन्यांचं आहे, मोठ्या जातीचं. पुढच्या महिन्यात बर्फातल्या एका छोट्या शिखरावर न्यायचा विचार होता. न्यावं का?

मूकबोली:
या हिवाळ्यात नको. मोठ्या जातींत हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या बंद व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याआधी लांब चढउताराचा ताण सांध्यांना बाधतो. सपाट बर्फात थोडा वेळ खेळू द्या, बूट घालायची सवय आत्ताच लावा. पुढच्या हिवाळ्यात तपासून घेऊन ठरवा.

निशिगंध_०७:
ठीक. बुटांपासून सुरुवात करते. मापाबद्दल बर्फाळ यांना व्यनि केलाय.

बर्फाळ:
मिळाला. चारही पंजांची मापं वेगवेगळी घेऊन पाठवा, उभं असताना. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा बहुधा मोठे असतात.